पाणी उतरलं म्हणून रजा

बारामतीच्या एका शिलाई कारखान्यात मी कॉलर जोडते. रजा कशाकशाची असते, ते मला विचारा. तापाची असते, लग्नाची, जत्रेची, मयतीची. न सांगता मारलेली दांडी तर सगळ्यांत गोड. आणि माणूस मशीनवर बसूनही तिथं नसतो, ती एक वेगळीच. त्या उन्हाळ्यात मी अशीच नसायचे.

आम्ही भिगवणच्या बाजूला राहतो. गावामागं उजनी धरणाचं पाणी. सकाळी बस धरायला निघाले की दिसायचं, कालच्यापेक्षा आज थोडी जास्त जमीन उघडी पडलेली, ओली, चकाकणारी, जणू कुणी झोपेतून हळूहळू उठतंय. त्या पाण्याखाली आमचं जुनं गाव. मी ते पाहिलेलंच नाही. माझ्या जन्माआधीच बुडालं. माझ्या वडिलांचं, आबांचं, तरुणपण मात्र तिथलं. आता आबांना काचबिंदू. उरलीसुरली नजरही जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलेलं. आणि पाणी काही दरवर्षी एवढं हटत नाही.

एका संध्याकाळी आबा म्हणाले, "घराचं जोतं उघडं पडलंय म्हणत्यात. एकदा बघायचं हाय. नेतीस का?"

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरांकडे रजा मागितली.

"कारण?"

"घरातलं पाणी उतरलंय."

"घरात पाणी शिरलं होतं? कधी?"

"माझ्या जन्माआधी."

त्यांनी उचललेलं पेन परत खाली ठेवलं. त्यात ऑर्डर घाईची. "ताई, ही रजा बसवू कशात मी?" बसवा कशातही, नाहीतर बिनपगारी धरा, पण उद्या मी येणार नाही, असं तोंडावर सांगून आले. नोकरीची भीती वाटत होतीच, पण डोकंच फिरलं होतं माझं.

सकाळी आबांचा हात धरून निघाले. भेगाळलेला गाळ, शिंपले, लांबवर पाणी आणि आभाळ एक झालेलं. गाव म्हणजे नुसत्या दगडांच्या ओळी. आबा मान वळवून वळवून बघत होते आणि त्यांना काहीच दिसत नव्हतं. उशीर झाला बाई, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात त्यांनी हात सोडवून घेतला. पायांनी चाचपत दगडांच्या एका ओळीपाशी थांबले. चपला काढल्या, नीट बाजूला ठेवल्या. दार नव्हतंच, तरी डोकं वाकवून ओळ ओलांडली आणि पलीकडे निवांत मांडी घातली.

ऊन रणरणत होतं. आबा माझ्या दिशेनं तोंड करून म्हणाले, "अगं, उन्हात का हुबी? आत ये की."

मी चपला काढल्या आणि डोकं वाकवून आत गेले.