जड बंदूक

पीकरक्षणाचा परवाना मिळाला, तसा मी बायकोला घेऊन यवतमाळला बंदूक घ्यायला गेलो. दुकानदारानं ठासणीच्या दोन बंदुका पुढ्यात ठेवल्या. नळीत दारू ठासायची, टोपी बसवायची, बार काढून रानडुकरं पळवायची, एवढंच काम. मला लांब नळीची, जड बंदूक आवडली.

"हलकी घ्या. उचलून न्या लागते," बायको म्हणाली. मी ऐकलं नाही.

निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. निवडणुका संपता संपत नाहीत. परवा तुरीत डुकरं शिरलेली असताना मी पुन्हा ठाण्यात उभा होतो. खांदा भरून आला होता.

"लय जड हाय जी," शिपाई म्हणाला. "वावरात कशी नेता?"

"वावरात नेतो कुठं," मी म्हटलं.