कोयनेच्या क्वार्टरातली इंजिनांची यादी

हरणाबाईंचं लहानपण मिरजेच्या रेल्वे लाइनीत गेलं. वडील भाऊसो लोको शेडमध्ये इंजिनं धुवायला होते. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्यांनी पोरीला हायस्कुलात घातलं आणि मॅट्रिक होईपर्यंत काढलं नाही. सुट्टीत हरणा एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरच्या विधवेकडे वरकामाला जायची. ती बाई ऑस्ट्रेलियाला कायमची निघाली, तेव्हा तिनं नवऱ्यानं जमवलेली चावीची छोटी इंजिनं बुटांच्या खोक्यात घालून हरणाला दिली. प्रत्येकाच्या पोटाशी एक नंबर कोरलेला होता.

"ही कुठली कुठली इंजिनं आहेत ते त्यालाच ठाऊक होतं," बाई म्हणाली. "यांच्या छापील याद्या असतात. कधी एखादी मिळाली तर बघ."

लग्न होऊन हरणाबाई कोयनानगरला आल्या. नवरा लालासाहेब वीजघरात ऑपरेटर होता. रूळ बघायचे तर कराडला उतरावं लागे. तरी पहिली दोन वर्षं बरी गेली, सणावाराला मिरजेला जाणं होई.

मग सदुसष्टच्या डिसेंबरात भूकंप झाला. लालासाहेब तेव्हा पाळीवर होता. धावत घरी आला तर दगडी भिंत धाकट्या भावावर, नाथाजीवर, पडलेली. हातांनी दगड उपसून त्यानंच त्याला बाहेर काढलं. नाथाजी गेला होता. त्या दिवसापासून लालासाहेबाला घरातलं माणूस नजरेआड झालेलं सोसेना. आई साळूबाई आणि बायको यांना घेऊन तो पत्र्याच्या क्वार्टरात राहायला गेला. पाळीवर जाताना तो दोघींना सांगायचा, "अंगणातच बसा." पाळी संपली की वाटेत कुणाशी न बोलता घरी यायचा. हरणाबाईंचं माहेर बंद झालं. तो रागावायचा नाही, हात उगारायचा नाही. नुसता म्हणायचा, "फुडच्या महिन्यात बघू." असे महिने जात राहिले.

हरणाबाई दुपारी खोकं उघडून इंजिनं पुसत. नंबर पाठ झाले होते, पण त्यांचा अर्थ कळत नव्हता. बाहत्तर साली कॉलनीच्या वाचनालयात त्यांना एक जुनं इंग्रजी मासिक मिळालं. त्यात अशी इंजिनं जमवणाऱ्यांच्या विलायतेतल्या मंडळाचा पत्ता होता. हरणाबाईंनी आपल्या मॅट्रिकच्या इंग्रजीत पत्र लिहिलं. फार दिवसांनी उत्तर आलं. याद्या संपल्या आहेत, पण आमच्या एका सभासदाकडे सगळ्या आहेत, त्यांना भेटा, असं लिहून खाली पत्ता दिला होता. तो सांगलीचा होता. रेल्वेतून निवृत्त झालेले, नकाशे काढणारे बाळासो, राहणार खणभाग.

त्यांनी बाळासोंना लिहिलं. त्यांचं उत्तर आठवड्यात आलं, मोठ्या वाकड्यातिकड्या अक्षरात. यादी जाडजूड आहे, घराबाहेर देत नाही, येऊन खुशाल बघा.

"आवं, सांगलीस जाऊन यायचं व्हतं," त्या जेवताना म्हणाल्या.

"कशाला?"

"यादी बघायला. इंजिनांची."

लालासाहेबानं ताटात हात धुतला. मग म्हणाला, "मी येतो संगं."

सुट्टीच्या दिवशी दोघं सकाळच्या एसटीनं निघाले. खोकं हरणाबाईंच्या मांडीवर होतं. कराडच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागायची होती. तेवढ्यात पाटणहून आलेला एक माणूस चहाच्या टपरीवर सांगू लागला की मघाशी तिकडं हादरा बसला, भांडी पडली. असले हादरे महिन्यातून कितीदा बसायचे. पण लालासाहेबानं भरलेला कप तसाच खाली ठेवला.

"म्हातारी एकटी हाय घरात," तो म्हणाला.

"अंगणात बसल्यात आत्या. शेजारच्या मनुबाई हायत्या की."

"चल माघारी."

"आता दोनेक तासांत सांगली येईल. तुमी जावा माघारी, मी जाऊन येते."

"तुला हितं सोडून जाऊ व्हय?" तो एवढंच म्हणाला आणि उलट्या एसटीकडं चालायला लागला. हरणाबाई मागोमाग गेल्या. घरी पोचले तेव्हा साळूबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यांना हादरा कळलासुद्धा नव्हता.

त्यानंतर हरणाबाईंनी विषय काढला नाही. मात्र त्यांचं बोलणं कमी झालं. पाणी भरून आल्या की दारात उभ्या राहून त्या कराडच्या रस्त्याकडं बघत. साळूबाईंना ते दिसत होतं. एक दिवस लालासाहेब पहिल्या पाळीला गेल्यावर त्या सुनेला म्हणाल्या, "जा तू. मी सांगते त्याला."

"आत्या, त्यांचा जीव ऱ्हाणार न्हाई."

"माझा एक लेक गेला, मी काय कुणाला बांधून घातलंया? जा. पर माघारी ये."

त्याच सकाळी खोकं घेऊन हरणाबाई निघाल्या आणि एकट्या सांगलीला पोचल्या. बाळासो डोळ्यांत मोतीबिंदू झालेले, बारीक अंगाचे गृहस्थ होते. त्यांच्या बायकोनं, धोंडुबाईंनी, आधी जेवायला वाढलं, मग यादी काढली. बाळासोंनी एकेक इंजिन बोटांनी चाचपलं. हरणाबाई पोटावरचा नंबर वाचत आणि यादीत शोधत. खोक्यातल्या बहुतेकांची नावं सापडली. कुठल्या साली निघालं, रंग कुठला, डबे कसले, सगळं लिहिलेलं होतं. दोन इंजिनं मात्र यादीत कुठंच नव्हती.

"असतं असं," बाळासो म्हणाले. "मला तीस वर्षांत पुरी यादी भेटली नाही."

हरणाबाईंनी हवं ते उतरवून घेतलं. बाळासोंनी तो कागद डोळ्यांशी नेला. "अक्षर ठळक आहे तुमचं. मला दिसेनासं झालंय. कलकत्त्याहून, जमालपूरहून लोक विचारतात, अमुक नंबर कशाचा. पत्रं नुसती साठलीत. तुम्ही उत्तरं लिहाल का? महिन्यातून एकदा आलात तरी पुरे."

येईन, असं त्या म्हणाल्या. परतीच्या एसटीत त्यांना पहिल्यांदा वाटलं की हा रस्ता आता आपल्याही पायाखालचा झाला.

दिवेलागणीला घरी आल्या. लालासाहेब पायरीवर बसला होता. अंगावर ड्युटीचेच कपडे, पायात बूट. साळूबाई त्याच्याजवळ बसून होत्या. त्यानं बायकोकडं पाहिलं, उठला आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. रात्रभर त्यानं बूटसुद्धा काढले नाहीत. हरणाबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. पुढच्या महिन्यात जायची भाषा त्यांच्या तोंडून निघेना.

चार दिवसांनी त्यांनी त्याला बाळासोंच्या कामाचं सांगितलं. त्यानं बाळासोंचा पत्ता विचारून घेतला. मग पाळी बदलून घेऊन, आईजवळ दिवसभर मनुबाईंना बसवून, तो स्वतः सांगलीला जाऊन आला. बाळासोंना काय सांगितलं कुणास ठाऊक. येताना यादीची टाइप केलेली प्रत आणि साठलेल्या पत्रांचा गठ्ठा घेऊन आला. कॉलनीतल्या सुताराकडून त्यानं टेबल करून घेतलं. शाईच्या बाटल्या आणल्या.

"आता जायची गरज न्हाई," तो म्हणाला. बोलताना हसलासुद्धा. कितीतरी वर्षांनी तो हसत होता. ते मोडायला नको म्हणून हरणाबाई पत्रांचा गठ्ठा सोडायला लागल्या.

काम वाढत गेलं. पत्रं थेट कोयनानगरच्या पत्त्यावर यायला लागली. लोक नवे नंबर कळवत, त्या यादीत घालत. एकानं कळवल्यामुळं उरलेल्या दोनांपैकी एका इंजिनाचं नावही लागलं. लालासाहेब पत्रं स्वतः टपालात टाकायचा. कॉलनीत लालासाहेबाला सगळे नावाजायचे, नवरा असावा तर असा म्हणायचे.

अठ्ठ्याहत्तर साली बाळासो वारले. धोंडुबाईंनी त्यांच्या याद्यांची अख्खी ट्रंक ट्रकनं पाठवून दिली. हरणाबाई म्हणाल्या, "धोंडुबाईंना भेटून यायला पायजे. तशीच मिरजंला जाईन. आबा लय थकल्यात."

लालासाहेब ट्रंक आत ओढत होता. "धोंडुबाईंस पत्र लिही," तो म्हणाला. "आन् आबास्नी हितं बोलवून घेऊ. समदं घरातच आलंया, आता जायचं कुठं?"

हरणाबाईंनी ट्रंकेचं दुसरं कडं धरलं. आबांना, भाऊसोंना, आता एसटी सोसायची नव्हती. ते त्याला माहीत होतं आणि हरणाबाईंनाही. ट्रंक भिंतीला लावून झाल्यावर त्या टेबलाशी बसल्या. धोंडुबाईंना काय लिहावं ते सुचेना. जमालपूरच्या कुणीतरी एका नंबराची चौकशी केली होती, ते पत्र त्यांनी आधी घेतलं.