जखमीखान्यातल्या बाजा

भूत म्हटलं की पोराच्या पाठीत धपाटा घालणारा मी मास्तर! आजही घालीन. पण मोमिनाबादच्या जखमीखान्यात जे पाहिलं त्याला काय म्हणू... तुम्हीच सांगा.

गावाबाहेर माळावरची ती काळ्या दगडाची लांब इमारत – हल्ली लोक तिला 'साहेबाचा बंगला' म्हणतात. साहेब-बिहेब कोणी नव्हता हो! पहिल्या महायुद्धात निजाम सरकारचे घोडेस्वार परमुलखात गेले, त्यातले जखमी ठेवायला ती बांधली. माझा धाकटा भाऊ गणपत तिथं होता. मांडीत गोळी लागलेली, पण जखम भरत आली होती. पोळ्याला घरी सोडतो, असं डॉक्टर म्हणाले होते.

आपल्याकडे माणूस गेल्यावर त्याची बाज उलटी करतात. तिथं ती आधीच व्हायची. भर दुपारी, माणूस बाहेर ऊन खात बसलेला असताना त्याची मोकळी बाज आपोआप उलटायची – आणि दिवस मावळायच्या आत तो जायचा. वॉर्डाचे जमादार करीमचाचा म्हणायचे, "मास्तर, कुणी हात लावत न्हाई. का म्हून पडती, अल्ला जाने." मी वारा, उंदीर, सगळं धुंडाळलं. काही सापडलं नाही.

एका दुपारी गणपतची बाज हलली. मी झडप घालून धरली, पडू दिली नाही, देवाशपथ! पण दारात बसलेल्या गणपतनं ते पाहिलं.

"दादा, मला बाजंवर न्हाई निजायचं. लई भ्या वाटतंय. भुईवर घे."

मी तरी काय करणार? घोंगडी टाकून त्याला खाली निजवलं. पोरगं शांत झोपलं. मी पाणी आणायला आडावर गेलो.

तेवढ्यात आई आली. त्याच्यासाठीच परळीच्या वैजनाथाला जाऊन आली होती. बघते तर लेक भुईवर! आपल्यात माणसाला भुईवर घेतात ते शेवटच्या घटकेला... तिनं हंबरडा फोडला आणि वैजनाथाचं तीर्थ त्याच्या तोंडात घातलं.

मी धावत आलो. "आई, अगं बरा हाय तो!"

गणपत डोळे फाडून तिच्याकडे बघत होता. "दादा, मी मरतोय व्हय?"

"न्हाई रे राजा, न्हाई!"

पण आई रडतेय म्हटल्यावर माझं कोण ऐकतो? दिवस मावळताना गणपत गेला. ताप नाही, रक्त नाही. डॉक्टर नुसते नाडी धरून बसून राहिले.

त्या इमारतीनं नेला म्हणावं, तर बाज पडलीच नव्हती. आमच्या रीतीनं नेला म्हणावं, तर बाज मुळात हलली कशानं? मला अजून कळलेलं नाही. आई पुढं पुष्कळ वर्षं जगली. "मी आले नसते तर रे?" एवढंच विचारायची. आणि मी, लोकांच्या पोरांना रोज उत्तरं शिकवणारा, उठून बाहेर जायचो.