पडद्याचा दोर

परवा कपडे वाळत घालायला काथ्याचा नवा दोर बांधला, आणि त्याच्या वासानं मी थेट झाशीच्या गणपतीतल्या नाटकात जाऊन पोचले बघा. लग्न होऊन झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत आले होते. आमचे हे फौजेत, सदा कुठेतरी सरावाला गेलेले, आणि क्वार्टरमध्ये मराठीत बोलायला माझ्याजवळ फक्त भिंती. म्हणून झाशीतल्या मराठी मंडळींच्या नाटकात हौसेनं गेले, तर कामं आधीच वाटलेली, माझ्या वाट्याला पडदा आला. म्हटलं चालेल, शेवटी सगळ्यांबरोबर स्टेजवर उभी राहिले की चार माणसं ओळखायला तरी लागतील. आणि नेमकी शेवटच्या अंकात दोर बांधायची खुंटीच उखडली! दोर सोडला की वर चढवलेला पडदा धाडकन खाली येणार, म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरून विंगेत उभी. नाटक संपलं, सगळे रांगेत उभे राहिले, टाळ्या काही थांबेनात. नायिका झालेली झाशीचीच एक सून मला खुणावत म्हणाली, "अहो भाभी, या ना, जल्दी!" मी म्हटलं, "आले असते हो, पण पडदा तुमच्या डोक्यावर पडेल!" ती हसली आणि पुन्हा लोकांकडे वळली. मग मी हळूहळू पडदा खाली सोडला. माझे हात मोकळे झाले तेव्हा टाळ्या थांबल्या होत्या, पलीकडे खुर्च्या सरकत होत्या, जो तो आपापल्या घरच्यांना शोधत होता. आताशा नाटकाला गेले की पडदा पूर्ण पडल्यावरही मी टाळ्या वाजवत राहते. शेजारचे बघतात, बघू देत.