हेडसर गप्प बसले तेव्हा

आमच्या हेडसरांचा आवाज आधी यायचा आणि मागून हेडसर. प्रार्थनेला त्यांनी ‘सावधान’ म्हटलं की मुलं ताठ व्हायचीच, पण कुंपणाबाहेर उभी असलेली मोखाड्याची जीपही सुटायची थांबायची. ड्रायव्हर म्हणायचा, सरांनी ‘विश्राम’ म्हटल्याशिवाय गिअर पडत नाही. आश्रमशाळेत मराठीचा शिक्षक म्हणून रुजू झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करत होतो. तो आवाज आला आणि मी डोळ्यांत साबण घेऊन सावधान उभा राहिलो. हे मी स्टाफरूममध्ये स्वतःच सांगितलं. अशा गोष्टी दुसऱ्याला सांगू देण्याइतका धीर माझ्यात नाही.

एवढा आवाज असून हेडसर तो वापरत मात्र फार कमी. एखादा बाप मुलीला मधूनच घरी न्यायला यायचा. हेडसर त्याला खुर्ची द्यायचे, समोर बसायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. बाप आधी आजी आजारी आहे म्हणायचा, मग मामाचं लग्न आहे म्हणायचा आणि शेवटी खरं काय ते सांगायचा. मी शेजारी असलो तर ही वेळच यायची नाही, कारण आजी आणि मामा यांच्यामध्ये जी जागा पडायची ती मी भरून टाकायचो. समोरच्याचं वाक्य त्याच्याआधी पुरं करायची मला सवय आहे. एकदा मीटिंगमध्ये हेडसर शांतपणे म्हणाले, “गुरुजी, माझं बोलून झालं की मला कळवा. मी घरी जातो.”

त्यांना नाटकाचं वेड होतं. पोशेऱ्याचा हा माणूस लहानपणापासून बोहाड्याची, मुखवटे घालून नाचणारी सोंगं बघत वाढला, पुढे कॉलेजात स्टेजवर गेला तो तिथलाच झाला. शिक्षकांच्या नाट्यस्पर्धेला जव्हारला जायचं ठरलं तेव्हा मी एका विलायती राजपुत्राचा प्रवेश निवडला. बाप मेलेला, आईनं चुलत्याशी लग्न लावलेलं, आणि हा रंगमंचावर एकटा येऊन जगायचं की नाही यावर बोलतो. जगातल्या प्रत्येक नटाला एकदा तरी म्हणावंसं वाटणारं ते स्वगत. राजपुत्र हेडसर, बाकीची पात्रं इतर शिक्षक, आणि भाषांतरकार, दिग्दर्शक व प्रॉम्प्टर मी. पैकी तिसरं काम मला येत नाही हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

माझं भाषांतर भारदस्त होतं. हेडसर त्यातले शब्द रोज थोडे थोडे काढत गेले. ‘कंटकाकीर्ण’ गेला, ‘नैराश्यगर्ता’ गेली. मी वाद घातला. ते म्हणाले, “गुरुजी, ज्याला जगणं नकोसं झालंय, त्याच्या तोंडी एवढी जोडाक्षरं कुठून येतील?” मी म्हटलं, तो राजपुत्र आहे, शिकलेला आहे. ते म्हणाले, “मीही शिकलेलाच आहे.”

तालमीत ते स्वगत त्यांनी कधी करून दाखवलं नाही. त्या जागी आले की म्हणायचे, पुढचं घ्या. मला एवढंच सांगितलं, “त्या दिवशी तिथं तुम्ही पुस्तक मिटून ठेवा.” आणि, “दादाला आणणार आहे. त्यानं हे बघायला पाहिजे.”

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. पोशेऱ्याला भात-नागलीची शेती करणारा. त्याच्याबद्दलची गोष्ट मला नंतर कळली, पण तुम्हाला आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी लाज तुम्हाला वेळेवर वाटेल. दादाची बायको बाळंतपणात गेली, बाळही गेलं. त्या पावसाळ्यात दादा ओट्यावर बसून राहिला. आवणीची, भात लावायची वेळ, रोपं तयार, आणि हा बोलेना, उठेना. घरच्यांना वाटलं, रुसलाय. हेडसर तेव्हा डी.एड. करत होते. सुट्टीला घरी आले आणि भावाला दिवसभर चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकवत बसले. भाऊ त्या ओट्यावर बसून जगायचं की नाही हेच ठरवत होता, हे त्यांना फार मागाहून समजलं. दादानं जगायचं ठरवलं. कशावरून ठरवलं ते कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. या एवढ्या वर्षांत दोघा भावांत त्याचा शब्दही निघाला नव्हता. हेडसरांना तो शब्द जव्हारच्या स्टेजवरून काढायचा होता.

तर तो दिवस. भर दुपार, हॉल भरलेला, कारण जव्हार-मोखाड्यात हेडसरांचा आवाज ऐकायला लोक आपल्या खर्चानं येत. पहिल्या रांगेत परीक्षक. दुसऱ्या रांगेत धुतलेला सदरा घालून दादा.

हेडसर आले. स्टेजच्या कडेला बसले, आपण ओट्यावर बसतो तसे, पाय खाली सोडून. आणि गप्प बसले.

मी विंगेत होतो. पुस्तक सांगितल्याप्रमाणे मिटलेलं. वाट पाहिली. ते खाली बघत होते. हाताचं एक बोट फळीवर हळूहळू फिरत होतं. हॉलमध्ये कुणी खोकेना. आज मला कळतं की असं शांत झालेलं सभागृह मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तेव्हा मात्र माझ्या मनात एकच आलं, हे विसरले. मी पहिलं वाक्य हळू सांगितलं. ते हलले नाहीत. मी मोठ्यानं सांगितलं. मग दुसरं, मग तिसरं. पुस्तक लागलंच नाही, भाषांतर माझंच होतं. पुस्तक मिटायला त्यांनी सांगितलं होतं, तोंड मिटायला सांगितलं नव्हतं. थोड्या वेळानं मला स्वतःचा आवाज आवडू लागला. त्यांनी काढून टाकलेले शब्दही मी परत घातले. ‘कंटकाकीर्ण’ तर असा लावला की मागच्या रांगेत टाळी पडली.

हेडसरांनी एकदा मान वर करून दादाकडे पाहिलं. दादा माझ्याकडे, म्हणजे विंगेकडे बघत होता. हेडसरांनी मान परत खाली घातली आणि मी संपेपर्यंत बोट फिरवत बसले.

लोकांना काहीच वावगं वाटलं नाही. बोहाड्यात मुखवटा चढवलेलं सोंग नुसतं नाचतं, त्याचं बोलणं बाजूचे लोक बोलतात. त्यांना वाटलं, हेही तसंच. पण परीक्षकांनाही तसंच वाटावं हे माझं नशीब. ते म्हणाले, देह एकीकडे आणि वाणी दुसरीकडे, या मातीतल्या सोंगाच्या परंपरेतून या स्वगताचा असा नवा अर्थ त्यांनी कधी पाहिला नव्हता. दिग्दर्शनाचं पहिलं बक्षीस मला. मी स्टेजवर गेलो. तिथं दोन वाक्यांत खरं सांगता आलं असतं. मी माइक हातात घेतला आणि म्हणालो, “ही कल्पना आम्हाला बरेच दिवस खुणावत होती.” समोर हेडसर टाळ्या वाजवत होते.

बाहेर दादा भेटला. पाड्यावरच्या रीतीप्रमाणे तो सगळ्यांना अरेतुरेच करी. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “बरा बोललास रे मास्तर. तुला लय दुःख हाय.”

परतीच्या जीपमध्ये बक्षिसाची ढाल माझ्या मांडीवर. दादा पुढे ड्रायव्हरशेजारी, आम्ही मागे. मी हेडसरांना हळूच विचारलं, शब्द आठवले नाहीत का. तेव्हा त्यांनी ओट्याची गोष्ट सांगितली. दादाशी नजरानजर होईपर्यंत गप्प बसायचं, ती झाली की सगळ्या स्वगतातलं ‘जगायचं की नाही’ हे एकच वाक्य त्याला विचारायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मी ढाल पायाशी ठेवली. म्हटलं, उद्या जव्हारला जाऊन परत करतो.

“राहू द्या. काचेच्या कपाटात बरी दिसेल.”

“सर, मी फार मोठा गाढवपणा केला.”

ते बाहेर बघत म्हणाले, “तुमचं काय एवढं. त्या पावसाळ्यात विंगेत मी होतो.” रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर त्यांनी नाटक केलं नाही. मी दरवर्षी आग्रह केला, ते दरवर्षी हसले. यथावकाश निवृत्त होऊन पोशेऱ्याला गेले. ढाल अजून कपाटात आहे. नव्या शिक्षकांना तिची हकिकत मीच सांगतो. हसतात बिचारे. परीक्षकांच्या नावानं हसतात, कारण माझ्या भाषणापाशी येऊन मी थांबतो. माइकवरचं ते वाक्य आज पहिल्यांदा लिहिलं.

यंदा भातकापणी झाल्यावर दादा गेला. झोपेत, म्हातारपणानं. मी भेटायला गेलो. हेडसर ओट्यावर बसले होते, पाय खाली सोडून. शेजारी बसलो. वाटेत जीपमध्ये मी सांत्वनाची बरीच वाक्यं जुळवली होती. त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांचं बोट ओट्याच्या सारवणावर हळूहळू फिरत होतं. अंगणात नागलीची कणसं वाळत घातली होती. एक कोंबडी त्यांत शिरली, तिला कुणी हाकललं नाही. ऊन अंगणातून पार पलीकडे गेलं. मग ते त्या मोठ्या आवाजातल्या अगदी तळच्या आवाजात म्हणाले, “त्याला विचारायचं राहूनच गेलं.”

निघताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, “आज प्रॉम्प्टिंग केलं नाहीत, गुरुजी. बरं वाटलं.”

खरं असं आहे की ते बोट फिरताना दिसलं आणि जुळवून आणलेलं एकूणएक वाक्य मी विसरलो होतो. आठवलं असतं तर बोललोच असतो. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. मान लववून ती शाबासकीही घेतली आणि जीपमध्ये येऊन बसलो.