गुंडानं तोंड दाबलं

पाटणचा आमचा गुंडा नावाचा गडी पलटणीतनं सुटला आन् दिल्लीला लोकसभेच्या कचेरीत पहाऱ्याला लागला. वरच्या सज्जात लोकं कामकाज बघाय बसायची. तिथं कुणी बोलायचं न्हाई, टाळी वाजवायची न्हाई, पायावर पाय बी टाकायचा न्हाई. त्यांच्यावर नजर ठेवायची, ह्येच गुंडाचं काम.

त्र्याहत्तर साली त्याचा जिवाचा दोस्त जोतीराम दिल्लीला गेला. गुंडानंच धावपळ करून त्याला पास काढून दिला. जोतीराम घटकाभर गुमान बसला आन् एकदम उठून गरजला, "कोयनेच्या धरणात आमचं गाव बुडालं! आमाला जमीन कवा..."

पुढचं आलंच न्हाई. त्याच्या तोंडावर हात पडला हुता. गुंडा बघतोय तर हात त्याचाच! नोकरी वाचली, पर दोस्ताला धरून खाली कोठडीत बसवाय लागलं. संध्याकाळी सभा उठल्यावर जोतीरामाला सोडला. तो गुंडाला न भेटताच गावाकडं आला.

दिवाळीला गुंडा रजेवर आला, तो थेट जोतीरामाच्या दारात. म्हातारी बनुबाई कडाडली, "माझ्या पोराचं तोंड दाबलंस व्हय रं, मुडद्या?"

आतनं जोतीराम हसला. "आये, च्या टाक त्याला. लय जोर हाय गड्यात, माझी दाढ हलली." मग जवळ येऊन त्यानं इचारलं, "माझं बोलणं लिवलं का रं तिथं कुणी?"

"खासदारांचा शबुद न् शबुद लिवत्यात," गुंडा म्हणाला. "सज्जातल्या माणसाचं काय बी लिवत न्हाईत."

जोतीरामाचं हसू तिथंच थिजलं. "मग येवढ्या लांब जाऊन मी सांगितलं कुणाला रं?"