निम्मी बाटली पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला तर मुळीच नाही. तुम्हाला सांगते आहे, ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — तेवढं खरं आधीच बोलून टाकते.

दिल्लीत, मुनिरक्यात माझी भाड्याची खोली आहे. गल्ली संपते तिथे भिंत, भिंतीला भगदाड, पलीकडे विलायती बाभळींचं जंगल. मार्चमध्ये तिथलं गवत पायाखाली पापडासारखं वाजतं.

होळीला आईनं पुण्याहून पुरणपोळ्या पाठवल्या होत्या. फोनवर म्हणाली, "नैवेद्य दाखवल्याशिवाय खाऊ नकोस हं." गल्लीतली होळी होतीच — पण तिथे डीजे, नाचणारी मुलं. त्या गर्दीत हातात पोळी घेऊन मी एकटी उभी राहू? मी संध्याकाळी जंगलात गेले. थोडा पाचोळा पेटवला, पोळीचा तुकडा टाकला. लहानपणीसारखी तोंडावर हात मारून बोंब मारावीशी वाटली. लाज वाटली. होतं कोण ऐकायला?

मग पाणी ओतलं. निम्मी बाटली. निम्मी ठेवली — टँकर आला नव्हता, प्यायला लागणार होतं. राखेतून धूर येत होता. मला दिसत होता.

खोलीवर पोचले, तर खिडकीतून ज्वाळा दिसल्या. ओरडायला हवं होतं. हात तोंडापर्यंत गेलासुद्धा. मी पडदा ओढला. आगीचा बंब दुसऱ्याच कुणीतरी बोलावला.

सकाळी भगदाडापाशी वनरक्षक अम्मावर खेकसत होता. अम्मा — जंगलातल्या काटक्या वेचून त्यावर चहा करून विकणारी, माझ्या चहात न सांगता जास्त आलं घालणारी. गल्लीत माझ्याशी बोलणारी ती एकटीच.

"बीडी तूने ही फेंकी होगी!"

"दाँत तो बचे नहीं साहब, बीडी किससे पकडूँ?" लोक हसले. मग तिनं मला पाहिलं. "बिटिया से पूछ लो. रोज आती है. कभी देखी मेरे हाथ में बीडी?"

सगळे माझ्याकडे वळले.

"मुझे नहीं पता," मी म्हणाले.

तिची चूल फोडली. भगदाड बुजवलं. जाताना अम्मानं माझ्याकडे पाहिलं नाही — की पाहिलं? मीच खाली बघत होते. ती पुन्हा आली नाही.

माझ्या डब्यात तिच्यासाठी नेलेली पुरणपोळी होती. ती तशीच परत आणली. आणि — भूक लागली होती — मी ती खाल्ली. वर बाटलीतलं उरलेलं पाणी प्याले.